डीन साहेबांचा निकाल कोण लावतो? जालन्यातून दिसणाऱ्या तीन खुर्च्या

३ ऑक्टोबर २०२३. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा तो व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आला असेल. हिंगोलीचे तत्कालीन खासदार हेमंत पाटील प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देतात आणि त्यांच्याकडून घाण झालेलं स्वच्छतागृह साफ करून घेतात. त्याच्या आदल्या काही दिवसांत त्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले होते. त्यातली १२ नवजात बाळं होती. पुढे ४८ तासांतला आकडा ३१ वर गेला. लोक संतापलेले होते, आणि संतापाला एक चेहरा हवा होता. तो डीनचा मिळाला.

पुढे काय झालं? खासदारांवर ॲट्रॉसिटी आणि सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल झाला. दोनच दिवसांत एका मृत महिलेच्या नातेवाइकांच्या तक्रारीवरून त्याच अधिष्ठात्यांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला. मुंबई उच्च न्यायालयानं नांदेड आणि छत्रपती संभाजीनगरच्या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला रिक्त पदं, औषधं, निधी यांचा हिशेब विचारला.

एका डीनच्या कामाचं मूल्यमापन तीन ठिकाणी झालं: स्वच्छतागृहात, पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात. ते जिथं नियमानं व्हायला हवं तिथं, म्हणजे वर्षाच्या शेवटी शांतपणे कागदावर, झालं की नाही आणि झालं असेल तर त्यात काय लिहिलं गेलं, हे बाहेरच्या कुणालाही कळत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

जालनेकरांसाठी हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही. नांदेडच्या घटनेनंतर साधारण एका वर्षानं, ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांनी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं ऑनलाइन उद्घाटन केलं. त्यात जालना होतं. एमबीबीएसच्या १०० जागा. तोवर जालन्याचा गंभीर पेशंट म्हणजे गाडीत घालून साठेक किलोमीटरवरची 'घाटी' गाठायची, हे ठरलेलं. आता जिल्ह्यात स्वतःचं कॉलेज आलं आणि त्यासोबत स्वतःची डीनची खुर्चीही आली.

एकच शब्द, तीन वेगळी माणसं

आधी एक गोंधळ दूर करू. 'अधिष्ठाता' हा शब्द जालना जिल्ह्यातल्या माणसाला तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा आहे.

पहिला अधिष्ठाता वैद्यकीय महाविद्यालयाचा. तो कॉलेजचा प्राचार्यही असतो आणि जोडलेल्या रुग्णालयाचा प्रमुखही. पगार सरकारचा, बदली सरकारच्या हातात. परीक्षा आणि पदवी मात्र नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

दुसरा बदनापूरला. तिथं परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे आणि त्याच्या प्रमुखाच्या पाटीवर 'सहयोगी अधिष्ठाता व प्राचार्य' असं लिहिलेलं असतं.

तिसरा सगळ्यात कमी दिसतो, पण जिल्ह्यातल्या सर्वाधिक मुलामुलींच्या आयुष्यावर त्याचाच हात असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विद्याशाखेचा अधिष्ठाता. जालन्यातलं जे.ई.एस. असो, बारवाले असो, अंकुशराव टोपे महाविद्यालय असो किंवा मंठा, परतूर, जाफराबादचं एखादं छोटं कॉलेज असो. बीए, बीकॉम, बीएस्सीचा अभ्यासक्रम कसा असेल, कॉलेजची तपासणी कशी होईल, नवं कॉलेज कुठल्या तालुक्यात हवं, या सगळ्यात या खुर्चीचा वाटा असतो. विद्यापीठात असे चार अधिष्ठाते असतात: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. विद्यापीठाचं क्षेत्र छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव असं चार जिल्ह्यांचं, संलग्न महाविद्यालयं चारशेहून अधिक. चार माणसं आणि चारशे कॉलेजं.

तुमच्या ओळखीत बीए झालेली दहा मुलं असतील तर त्यांना विचारून बघा, त्यांच्या विद्याशाखेचा डीन कोण होता. एकालाही नाव सांगता आलं तर मला आश्चर्य वाटेल.

आधी मतदान होतं, आता मुलाखत आहे

१९९४ च्या विद्यापीठ कायद्यात विद्याशाखेचा डीन निवडून यायचा. विद्याशाखेचे सदस्य आपल्यातूनच एकाला निवडायचे. त्या व्यवस्थेत मूल्यमापनाचा एक ओबडधोबड मार्ग होता: काम आवडलं नाही तर पुढच्या वेळी पाडा. प्रत्यक्षात पॅनल चालायचं. मराठवाड्यात विद्यापीठाच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्यात त्यांना 'उत्कर्ष' आणि 'विद्यापीठ विकास मंच' ही नावं समजावून सांगायची गरज नाही. कोण किती अभ्यासू यापेक्षा कोणाच्या संस्थेकडं किती मतं, हे गणित मोठं ठरायचं.

२०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला आणि १ मार्च २०१७ पासून लागू झाला. डीन हा आता पूर्णवेळ, पगारी अधिकारी झाला. जाहिरात, अर्ज, निवड समिती, मुलाखत आणि मग नेमणूक. गटबाजी कमी व्हावी आणि जबाबदारी एका माणसावर यावी, हा हेतू. हेतू चांगलाच होता.

पण या बदलात एक गोष्ट हरवली. डीनला खालून जाब विचारायची जी काही वाकडीतिकडी सोय होती ती गेली, आणि तिच्या जागी वरून जाब विचारायची ठोस पद्धत आली नाही. कायद्यानं त्याला कुलगुरू आणि प्र-कुलगुरूंच्या नियंत्रणाखाली ठेवलं. त्याचा कार्यकाळ पाच वर्षांचा, पण कुलगुरूंचा कार्यकाळ संपला की यांचाही संपतो. म्हणजे कुलगुरू निवृत्त झाले की डीनचं काम उत्तम असो की सुमार, खुर्ची रिकामी. मग नवे कुलगुरू येईपर्यंत आणि नवी निवड होईपर्यंत 'प्रभारी'. राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांत प्रभारी डीनचा काळ अधूनमधून येतच असतो. दर वेळी मुदतवाढीवर बसलेल्या माणसाला 'तुमची पाच वर्षांची योजना काय' असं कोण विचारणार? आणि तो तरी कशाला करणार?

डीननं करायचं काय असतं, हे तरी लिहिलंय का?

हो, लिहिलंय. कायद्यात डीनची कामं स्पष्ट आहेत. विद्वत परिषदेची धोरणं राबवणं, अध्यापन आणि संशोधनाचा दर्जा राखणं, शिक्षकांचं प्रशिक्षण, शैक्षणिक नियोजन, शैक्षणिक लेखापरीक्षण. शिवाय चारही डीन अधिष्ठाता मंडळाचे सदस्य असतात आणि विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत आराखडा तयार करण्याची जबाबदारी या मंडळाची आहे.

हा बृहत आराखडा म्हणजे कुठल्या भागात कुठलं कॉलेज, कुठला कोर्स हवा याचा नकाशा. त्यात नसेल तर नवं कॉलेज मिळत नाही. कायदा म्हणतो की तो करताना सोयी न पोचलेल्या आणि मागास भागांच्या गरजेकडं विशेष लक्ष द्यावं. आराखडा विद्वत परिषद, व्यवस्थापन परिषद, अधिसभा असा फिरून 'माहेड' या राज्य आयोगाकडं मंजुरीला जातो. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ चा आहे.

डीनचं काम मोजायचं तर सगळ्यात चांगली फूटपट्टी इथंच पडलेली आहे. घनसावंगी किंवा मंठा तालुक्यातली मुलगी बारावी सायन्स झाली. तिला गावाहून रोज जाऊन-येऊन करता येईल इतक्या अंतरावर बीएस्सी आहे का? असेल तर तिथं प्रयोगशाळा आहे का आणि पूर्णवेळ शिक्षक आहेत का? की 'कमिटी येणार' म्हणून आदल्या दिवशी शेजारच्या कॉलेजातून साहित्य आणून मांडलं जातं? बृहत आराखड्यात त्या तालुक्यासाठी काय लिहिलं होतं आणि पाच वर्षांनी त्यातलं जमिनीवर काय उतरलं, हे दोन कागद शेजारी ठेवले की अर्धं मूल्यमापन झालं. त्यासाठी परदेशी मॉडेल आणायची गरज नाही.

पण असे दोन कागद शेजारी ठेवून 'अमुक डीनच्या काळात इतकं झालं, इतकं राहिलं' असं सांगणं कायद्यानं कुणालाही बंधनकारक केलेलं नाही.

गंमत म्हणजे मोजमाप आपल्याकडं भरपूर होतं. कॉलेजचं 'नॅक' होतं. विद्यापीठाचं 'एनआयआरएफ' रँकिंग होतं. विद्यार्थ्यांकडून अभ्यासक्रमाबद्दल फीडबॅक फॉर्म भरून घेतात (बरेचदा हॉल तिकीट देण्याच्या दिवशी, वर्गात बसवून). प्राध्यापकांचं तर विचारूच नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकाच्या बढतीसाठी जो तक्ता आहे, त्यात प्रशासकीय जबाबदारी पार पाडल्याची नोंद होते आणि त्या यादीत विभागप्रमुख, वॉर्डन यांच्यासोबत 'डीन'ही आहे. म्हणजे डीन झाल्याचं श्रेय मिळतं. डीन म्हणून काय केलं, हा रकाना तिथं नाही.

आकड्यांनी मोजायला गेलं की काय होतं

मग सोपा उपाय: डीनलाही गुण द्या. किती पेपर, किती पेटंट, किती सामंजस्य करार, किती परिषदा.

हा प्रयोग आपण प्राध्यापकांवर करून बसलोय. २०१० च्या यूजीसी नियमांनी 'एपीआय' गुण आणले. पेपरला गुण, पुस्तकाला गुण, सेमिनारला गुण. परिणाम काय झाला, तर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नल्सचा धंदा फोफावला. मे २०१८ मध्ये यूजीसीला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ जर्नल्स एका फटक्यात काढावी लागली. नंतर 'केअर' यादी आली, तिचा कारभार पुण्यातून चालला, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली. चारशे कॉलेजांवर देखरेख ठेवणाऱ्या डीनला सामंजस्य करारांच्या संख्येवर मोजलं तर विद्यापीठात फक्त फोटो वाढतील.

दुसरी अडचण श्रेयाची. बदनापूरचंच बघा. 'बीडीएन ७११' हे तुरीचं वाण मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. 'बीडीएन' म्हणजेच बदनापूर. हे काम तिथल्या कृषी संशोधन केंद्राचं. त्याच गावातल्या कृषी महाविद्यालयाचा सहयोगी अधिष्ठाता शिक्षणाच्या साखळीत येतो, संशोधन केंद्र संशोधन संचालकांच्या साखळीत. वाणाच्या यशाचं श्रेय कॉलेजच्या डीनला देता येणार नाही, आणि तूर मर रोगानं गेली तर दोषही देता येणार नाही. कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलांना शेती कळते का, हे मात्र त्याला विचारता येईल.

विद्यापीठाच्या डीनचंही तसंच. निकाल उशिरा लागला की विद्यार्थी सगळ्यांनाच शिव्या घालतात. कायद्यात निकालाची मुदत ३० दिवसांची, फार तर ४५. पण परीक्षा हा परीक्षा मंडळाचा आणि त्याच्या संचालकांचा प्रांत, डीनचा नव्हे. २०१७ ला मुंबई विद्यापीठात ऑनलाइन पेपर तपासणीचा बोजवारा उडाला तेव्हा थेट कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर केलं गेलं. आपल्याकडं गुपचूप चालतं तोवर कुणीच जबाबदार नसतं, आणि स्फोट झाला की सर्वात वरचा किंवा सर्वात समोर दिसणारा माणूस जातो. मधल्या खुर्च्यांचा हिशेब कधीच होत नाही.

मेडिकलच्या डीनला तरी सीआर असतो ना?

असतो. तो सरकारी अधिकारी आहे, त्यामुळं दरवर्षी कार्यमूल्यमापन अहवाल लिहिला जातो, जुन्या भाषेत 'सीआर'. अधिकारी आधी स्वतःचं काम लिहितो, मग वरिष्ठ शेरा मारतो, त्याच्यावरचा वरिष्ठ तो तपासतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं देव दत्त प्रकरणात सांगितलं की चांगला असो वा वाईट, प्रत्येक शेरा संबंधित कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. म्हणजे डीनला आपला निकाल कळतो.

तुम्हाला कळतो का? नाही. २०१२ च्या गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की कर्मचाऱ्याची कामगिरी ही त्याची आणि नियोक्त्याची आपसातली बाब, माहिती अधिकारात ती वैयक्तिक माहिती ठरते. मोठं जनहित दाखवलं तरच मिळेल. हे प्रकरण महाराष्ट्रातलंच होतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं वैयक्तिक माहितीची ही भिंत आणखी उंच केली.

माझ्या मते एखाद्या माणसाचा सीआर चव्हाट्यावर यायची गरजही नाही. खरी अडचण वेगळी आहे. सीआर चांगला असला म्हणून खुर्ची टिकते आणि वाईट असला म्हणून जाते, असं या राज्यात दिसत नाही. पुण्याच्या ससूनचं उदाहरण घ्या. २०२३ मध्ये तिथल्या अधिष्ठात्यांची बदली झाली. ते 'मॅट'मध्ये गेले आणि बदली रद्द करून घेतली. त्याविरोधात गेलेल्यांना नोव्हेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयातही यश आलं नाही आणि जुने अधिष्ठाते परतले. सहा महिन्यांत पोर्शे अपघातातल्या रक्ताच्या नमुन्यांचं प्रकरण आलं. मे २०२४ मध्ये त्याच अधिष्ठात्यांनी अटक झालेल्या डॉक्टरची नेमणूक कुणाच्या शिफारशीवरून झाली हे पत्रकार परिषदेत सांगितलं, आणि त्याच दिवशी त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आलं. दीड वर्षाच्या आत एकाच खुर्चीत आत-बाहेर, आत-बाहेर. यातला एकही निर्णय रुग्णालयाच्या कामाचा वार्षिक लेखाजोखा पाहून झालेला नव्हता.

जालन्याच्या डीनचं मूल्यमापन करताना हे डोक्यात ठेवायला हवं. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२३ च्या निकषांनुसार १०० जागांच्या कॉलेजला ४२० खाटांचं रुग्णालय लागतं. प्राध्यापकांची हजेरी आधारशी जोडलेल्या यंत्रणेवर थेट दिल्लीला दिसते. पण कायम प्राध्यापक नेमणं डीनच्या हातात नाही, ते लोकसेवा आयोग आणि मंत्रालयाचं काम. मोठी औषध खरेदी आधी 'हाफकिन'कडं होती, २०२३ पासून त्यासाठी वेगळं प्राधिकरण आहे. इमारत बांधकाम खात्याची. डीनच्या हातात उरतं ते असं: आहेत ते डॉक्टर वॉर्डात वेळेवर येतात का, औषध संपायच्या आधी मागणी गेली का, रात्री अपघात विभागात कोण उभं असतं, मृत्यूंचा आढावा दर महिन्याला होतो का, आणि हो, स्वच्छतागृह धुतलं जातं का. यावर त्याला जरूर धरा. रिक्त पदांचा जाब विचारायला मात्र मुंबईला जावं लागेल.

नांदेडच्या व्हिडिओत हाच घोळ झाला. त्या दिवशी विचारायचे निम्मे प्रश्न त्या माणसाचे नव्हतेच.

बाहेर काय करतात?

अमेरिकेत बऱ्याच विद्यापीठांत डीनचा ठरावीक काळानं आढावा होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या नियमावलीत तो फार तर पाच वर्षांनी व्हायलाच हवा. समिती बसते, त्या शाखेतले प्राध्यापक, कर्मचारी, विद्यार्थी यांचं म्हणणं गोपनीयरीत्या घेतलं जातं, डीन स्वतःचा अहवाल देतो, आणि मग त्याला ठेवायचं की नाही हे ठरतं. तिथंही सगळं आलबेल नाही. ज्याचे चार विभाग बंद केले तो वाईटच शेरा देणार, आणि लोकप्रिय डीन म्हणजे चांगला डीन असंही नसतं. पण एक गोष्ट आपल्याकडं नाही ती तिथं आहे: ज्यांच्यावर डीनच्या निर्णयाचा परिणाम होतो त्यांना, नाव न फोडता, बोलायची ठरलेली वेळ.

आपल्याकडं ते करायला कायदा बदलावा लागेल असंही नाही. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, क्रेडिट, सगळं नवं. जून-जुलैत वर्ग सुरू झाले तेव्हा अभ्यासक्रम हातात होता का, पुस्तकं होती का, मायनर म्हणून निवडलेला विषय शिकवायला भोकरदनच्या कॉलेजात शिक्षक होता का, हे प्राचार्यांना आणि विद्यार्थ्यांना नेमकं ठाऊक आहे. विद्याशाखेनं वर्षातून एकदा त्यांना हे चार प्रश्न विचारून उत्तरं वेबसाइटवर टाकायची म्हटली तर एका आठवड्याचं काम आहे.

तोवर तुमच्या हातात काय आहे? डीनचा सीआर मागू नका, मिळणार नाही. माहिती अधिकारात हे मागा: २०२४-२९ च्या बृहत आराखड्यात जालना जिल्ह्यातल्या आठ तालुक्यांसाठी काय प्रस्तावित आहे, अधिष्ठाता मंडळाच्या गेल्या वर्षभरातल्या बैठकांची इतिवृत्तं, तुमच्या कॉलेजला आलेल्या संलग्नीकरण समितीचा अहवाल आणि त्यातल्या त्रुटी दूर झाल्याचं पत्र. मेडिकलसाठी: मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, आणि डीननं औषधांची मागणी कुठल्या तारखेला पाठवली व पुरवठा कुठल्या तारखेला आला. ही कुणाची वैयक्तिक माहिती नाही. अर्जाची फी दहा रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, आणि उत्तराची मुदत ३० दिवसांची.